नवीन ट्रॉलर घेतलास, आता खोळ्याकडे बघ

जाळं केवढं रुंद उघडतं ते नंतर बघ. आधी शेवटची पिशवी, म्हणजे खोळा बघ. पिल्लं वाचतात की मरतात, ते तिथेच ठरतं.

बाजारात सहज मिळतो तो शंकरपाळ्यासारख्या तिरक्या आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक) खोळा. हातात धरलास तर आस चांगला मोठा वाटतो. पण बोटीची ओढ लागली, आत मासळीचा भार आला की तो लांबट होऊन मिटतो. मग बोटाएवढं पापलेटचं पिल्लूही सुटत नाही. चौकोनी आसाच्या दोऱ्या ओढीच्या दिशेला सरळ आणि आडव्या असतात, त्यामुळे भोकं उघडी राहतात. ४० मिमी चौकोनी आसाचाच खोळा घे, शक्यतो बिनगाठीचा. गाठी सरकल्या की चौकोन बिघडतो.

खात्री धक्क्यावरच कर. खोळा टांगून खाली दगडाची पाटी बांध आणि आसातून पेन्सिल घालून बघ. तिरका खोळाही शेजारी टांग, फरक डोळ्यांनी दिसेल.

बारीक कोळंबी थोडी सुटेल, बोट चालवणारा तांडेल कुरकुरेल. खोळ्यावर दुसरं जाळं चढवू म्हणेल. ऐकू नकोस, दोन थरांचे आस एकमेकांवर आले की सगळं मुसळ केरात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. टोपल्या भरायच्या, पण निम्मा कुटा, म्हणजे बारीकसारीक फालतू मासळी. तो फिशमिलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या कारखान्याच्या, भावाने जायचा.

आणि ओढ, म्हणजे एका वेळी जाळं ओढत राहायचा वेळ, लांबवू नकोस. खोळा जेलीफिशने तुंबला की चौकोनी आसही काही करू शकत नाही.