घरी काडतुसं भरली तर खरंच स्वस्त पडतात का?

तुम्ही विचारलंय की मामेभाऊ अमेरिकेत गॅरेजमध्ये बसून रायफलीच्या उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांत नवी दारू-गोळी घालून ती स्वतः पुन्हा भरतो आणि निम्म्या पैशात पडतात म्हणतो. तुमच्या घरी वडिलांच्या लायसनची .३१५ मापाची रायफल आहे, डब्यात सत्तर-ऐंशी रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्यात, रानडुकरं सोयाबीन उकरून टाकतायत. मग आपणही भरावीत का?

भरू नका. कारण आधी सांगतो आणि मग हिशेबाकडे येतो, कारण हिशेब मी स्वतः बसून केलेला आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमच्या वडिलांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय कायद्यातल्या 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे बार भरायच्या आधीच, नुसतं प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) आणि डाय (त्याचा साचा) घरात आणून ठेवलं तरी माणूस अडकतो. 'आपल्याच बंदुकीसाठी आहे, विकायचं थोडंच आहे' हे तिथे चालत नाही.

आता हिशेब. मी वाळूजला टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. डाय, प्रेस, सेटिंगचा वेळ, एका नगामागे खर्च किती पडतो, हेच माझं काम. २०२३ च्या दिवाळीत डॅलसजवळ साडूंकडे महिनाभर होतो. तेही घरी काडतुसं भरतात, तिथे त्याला बंदी नाही. मला राहवलं नाही, वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो.

काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बसणारी, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि पुढची गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपते. पुंगळी मात्र हातात राहते, आणि चारांत ती बहुतेक वेळा महागातली असते. सगळी बचत या एकाच गोष्टीवर उभी आहे. चांगली पुंगळी सात-आठ वेळा भरता येते, मग तिची मान तडकते किंवा बुडाजवळ पितळ पातळ होतं आणि ती टाकून द्यावी लागते.

साडू दोन तऱ्हेची काडतुसं भरत होते. पहिलं .३०८, लांबच्या निशाण्याचं. डॉलरभराची पुंगळी आठ वेळा वापरली तर एका वेळेला साडेबारा सेंट. चांगली मॅचची, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, गोळी ४५ सेंट. दारूचा पौंड ४५ डॉलरला होता, पौंडात ७,००० ग्रेन (दारू मोजायचं बारीक वजन) असतात, त्यात या मापाची १६० च्या आसपास काडतुसं निघतात. म्हणजे दारू २८ सेंट. टोपी ८ सेंट. बेरीज ९३-९४ सेंट. त्याच दर्जाचं कारखान्याचं काडतूस दुकानात एक डॉलर ऐंशीच्या पुढे. तुमचा मामेभाऊ 'निम्म्यात' म्हणतो ते हेच असणार, आणि तो खोटं बोलत नाही.

दुसरं .२२३, साध्या सरावाचं. गोळी ११ सेंट, दारू १६, टोपी ८, पुंगळी रेंजवरून वेचलेली म्हणून फुकट धरली. ३५ सेंट झाले. दुकानात तयार काडतूस ४८ सेंटला. वाचले किती, तर १३ सेंट.

इथे साडू थांबले होते. मी म्हटलं, अजून दोन रकाने राहिलेत, हत्यारं आणि वेळ. प्रेस, डाय, तराजू, पुंगळी साफ करायचं यंत्र, मापं, सगळं मिळून त्यांचे ५०० डॉलर गेले होते. .३०८ मध्ये नगामागे ८७ सेंट वाचतात, म्हणजे ५७५ काडतुसं भरल्यावर हत्यारांचे पैसे वसूल. .२२३ वर तेच वसूल करायला ३,८०० च्या वर भरावी लागतील. आणि हाताच्या एका प्रेसवर सगळी कामं धरून तासाला पन्नास नग होतात. .२२३ भरताना त्यांच्या एका तासाची कमाई साडेसहा डॉलर होते. अमेरिकेतलं केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे. .३०८ भरताना तोच तास ४३ डॉलरचा होतो. एकच माणूस, एकच प्रेस, आणि इतका फरक! म्हणून 'काडतूस भरणं परवडतं का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठलं काडतूस आणि वर्षाला किती, हे आधी विचारावं लागतं.

त्या आकड्यांचाही भरवसा नसतो. २०२० मध्ये टोप्या तिथल्या दुकानांतून गायब झाल्या आणि भाव तिपटीपर्यंत गेला, असं साडू सांगत होते. दारू आणि पुंगळ्या घरात पडून, आणि टोपीवाचून सगळं अडलेलं. टोपी घरी करता येत नाही.

खरं सांगायचं तर साडूंचा पैसा वाचलेला नाही. वर्षाचा खर्च पूर्वीएवढाच आहे, बार मात्र दुप्पट उडतात. ते हे काम करतात ते नेमकेपणासाठी. एकाच नळीला जुळेल असं, दर वेळी दारूचं वजन तेच, गोळीची बसण तीच. टूलरूममध्ये मायक्रॉन मोजत आयुष्य गेलेल्या माणसाला ती ओढ लगेच कळते. पण तीन रात्री त्यांच्याशेजारी बसून हेही पाहिलं, की फोन वाजला तर ते हातातला ट्रे पूर्ण रिकामा करून पहिल्यापासून सुरू करायचे. एका पुंगळीत दोनदा दारू पडली तर रायफलीचा चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, फुटू शकतो, आणि गाल त्याच्या अगदी जवळ असतो.

आता तुमची .३१५ घ्या. इंग्रजांनी फौजेचं .३०३ साध्या माणसाला नाकारलं म्हणून हे माप आपल्याकडे रुजलं. तुम्ही लिहिलंय की वर्षाला पंधरा-वीस काडतुसं उडतात. क्षणभर कायदा बाजूला ठेवू आणि साडूंची ८७ सेंटची बचत तुम्हालाही मिळते असं धरू. पंधराच्या हिशेबानं ५७५ व्हायला ३८ वर्षं लागतील. आणि लष्करी घडणीच्या पुष्कळ काडतुसांत टोपीची बैठक बर्डन पद्धतीची असते, ऐरण (टोपीतला मसाला जिच्यावर चेपला जातो तो उंचवटा) पुंगळीतच आणि बाजूला दोन बारीक भोकं. अमेरिकेतली हत्यारं मधल्या एका भोकाच्या बॉक्सर पुंगळीसाठी केलेली असतात, बर्डनची टोपी त्यांनी सहज निघत नाही.

रानडुकराचं वेगळं आहे. त्याला मारायला वन विभागाची परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि शेतातल्या नुकसानीलाही तो लागू होतो. पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज आणि कुंपण, तुमचे पैसे आणि वेळ तिकडे लागू द्या. आमच्या गावाकडेही गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, रात्रीत एकराचा हरभरा गेलेला मी पाहिलाय, तुमचा जीव किती तुटत असेल ते कळतं.

निशाणा बसवायचा असेल तर .१७७ ची एअर रायफल घ्या. २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. दहा मीटरवर श्वास, गाल टेकणं, चाप दाबणं, सगळं तेच शिकायला मिळतं, आणि एका छर्‍याचा खर्च काडतुसाच्या पासंगालाही पुरत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटरला कांस्य जिंकलं ते .२२ नं. त्या काडतुसात टोपी नसतेच, स्फोटक मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो आणि घोड्याच्या आघातानं तो काठ चेपतो. म्हणजे पदक जिंकणाऱ्यांनाही ते पुन्हा भरता येत नाही, दर वेळी नवंच घ्यावं लागतं.

डब्यातल्या पुंगळ्या मोजून परवान्यावरच्या खरेदीच्या नोंदीशी ताडून ठेवा. ज्या डीलरकडून काडतुसं घेता त्याच्याशी बोला, परत घेत असेल तर पावती घेऊन द्या. भंगारवाल्याला पितळ म्हणून घालू नका.