सात नंबरवाला रिकी स्टुअर्ट

प्रश्न: भाऊ, मोबाईलवर ऑस्ट्रेलियाची रग्बी लीग पाहतो, पण हा हाफबॅक करते तरी काय? अन् कोच रिकी स्टुअर्ट आधी हाफबॅकच होता म्हणतात, खरं काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर: खरं आहे भाऊ. लीगमधे टीम १३ जणांची, सहा वेळा पकडल्या गेलं (म्हणजे टॅकल झालं) की बॉल समोरच्याले द्यावा लागते, अन् हातानं पास पुढं देताच येत नाही, म्हणून शेवटच्या टॅकलले बहुतेक किकच मारतात, ती कुठं टाकायची हे जास्त करून ७ नंबरवाला हाफबॅकच पाहते. आपल्या कबड्डीत रेडर घाम गाळते पण डाव कॅप्टनच्या डोक्यात असते ना, तसंच.

स्टुअर्टचा लांब फिरता पास म्हणजे लय भारी. कॅनबेरा रेडर्सकडून १९८९, १९९०, १९९४ असे तीन टायटल. १९९३ ले बेस्ट प्लेअरचं डॅली एम मेडल भेटलं, पण त्याच सिझनच्या शेवटी घोट्याले जबर मार लागला अन् टीमचं सारं गणितच बिघडलं.

कोच म्हणून सिडनी रूस्टर्सले पहिल्याच वर्षी, २००२ मधे टायटल, मंग २००३ अन् २००४ ची फायनल हारला. माह्या मते खेळाडू म्हणूनच तो जास्त मोठा, कोणाले पटो न पटो. २०१४ पासून परत कॅनबेरात, अन् २०१९ ची फायनल ८-१४ नं हारला तेही रूस्टर्सकडूनच, घ्या आता!