खेळणं संपलं, आता कोच होऊ का?

"मला दुसरं काही येतच नाही मॅडम, म्हणून कोचिंगमध्ये जातोय." निवृत्त झालेले किंवा होऊ घातलेले खेळाडू समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडतंच. पाठोपाठ खरी भीती बाहेर येते: आणि तेही नाही जमलं तर? फुटबॉलपटूंवर ही वेळ फार लवकर येते. पस्तिशीच्या आसपास, बाकीच्यांचं नोकरीत कुठे बस्तान बसत असतं, तेव्हा यांची कारकीर्द आटोपलेली असते.

ज्याच्याविषयी लिहिते आहे तो फुटबॉलमधला मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा, होता. (त्याच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) फार नावाजलेला नव्हता, पण भरवशाचा. गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली आणि क्लबने काँट्रॅक्ट वाढवलं नाही. निरोपाचा सामना वगैरे काही झालं नाही. शेवटचा सामना खेळताना तो शेवटचा आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. ओळखीतल्या एकाने अंडर-15 संघाचा सहायक कोच म्हणून बोलावलं आणि हा मागचापुढचा विचार न करता रुजू झाला. माझ्याकडे आला तो झोप येत नाही म्हणून. बायकोची तक्रार वेगळी होती: "घरात असतो, पण घरात नसतो. सामन्याची वेळ झाली की येरझाऱ्या सुरू होतात, मुलांनी हाक मारलेलीही ऐकू येत नाही."

त्याला वाटत होतं की असं फक्त त्यालाच होतंय. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने, फिफ्प्रोने, 2015 साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. 607 खेळत असलेले आणि 219 निवृत्त खेळाडू तिच्यात होते. खेळत असलेल्यांपैकी 38 टक्के आणि निवृत्तांपैकी 35 टक्के खेळाडूंनी नैराश्याची किंवा चिंतेची लक्षणं असल्याचं सांगितलं. गंभीर दुखापती वारंवार झालेल्यांमध्ये हा त्रास जास्त दिसला. आकडे ऐकून कुणाला झोप लागत नाही, हे मान्य. पण "म्हणजे माझंच डोकं फिरलेलं नाही" एवढं तो म्हणाला, आणि त्यानंतर मोकळेपणाने बोलायला लागला.

सुरुवातीला मी कोचिंगचा विषयच काढला नाही. आधी खेळणं संपलंय हे त्याच्या मनात नीट संपायला हवं होतं. अशा वेळी "फुटबॉल सोडून स्वतःची ओळख दहा वाक्यांत लिहा" असा एक स्वाध्याय देण्याची पद्धत आहे. मला तो आवडत नाही. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून ज्याने दुसरं काही केलेलंच नाही, त्याच्यापुढे कोरा कागद ठेवणं मला जरा क्रूर वाटतं. त्याऐवजी मी त्याला नेमकं काय गेलंय ते विचारत राहिले. पैसा आणि टाळ्या ही उत्तरं पटकन आली. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "सकाळी उठल्यावर आज काय करायचं ते कुणीतरी ठरवलेलं असायचं." आणि ड्रेसिंग रूममधली थट्टामस्करी. ती गेल्याचं दुःख इतकं असेल याची त्याला स्वतःलाच कल्पना नव्हती.

कोचिंगकडे वळलो तेव्हा गाडी भलत्याच ठिकाणी अडलेली निघाली. तो सरावाच्या सामन्यात मुलांबरोबर स्वतः खेळायला उतरायचा. कोच अधूनमधून उतरतात, त्यात वावगं काही नाही. पण हा दर वेळी उतरायचा, आणि दर वेळी चेंडू मागायचा. पंधरा वर्षांची पोरं, समोर इतकी वर्षं क्लबकडून खेळलेला माणूस हात वर करून "दे, इकडे दे!" म्हणतोय. देणार नाहीत तर काय करतील? शेवटी मुख्य कोच, वयाने बराच मोठा माणूस, त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तू यांना शिकवतोयस की स्वतःच खेळून घेतोयस?" हे मला सांगताना तो रागाने लाल झाला होता. माझ्या मते त्या कोचने एका वाक्यात माझं अर्धं काम केलं होतं.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. मुलगा चुकला की तुम्हाला राग येतो की तो का चुकला याचं कुतूहल वाटतं? तो प्रामाणिक होता. म्हणाला, "राग. वाटतं, मी असतो तर..." आणि तिथेच थांबला.

कोचिंग म्हणजे खेळण्याचा पुढचा भाग, असं बाहेरून दिसतं. काम मात्र निराळं आहे, आणि त्यात चांगला खेळाडूही पहिल्या इयत्तेपासूनच सुरुवात करतो. त्याला हे पटेना. "मोठे खेळाडूच मोठे कोच होतात, माझ्यासारख्याचं कोण ऐकणार?" म्हणून मी त्याच्याच जगातली नावं काढली. इटलीचे कोच आरिगो साकी व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत, तरी त्यांच्या एसी मिलानने 1989 आणि 1990 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकला. पोर्तुगालचे नामवंत कोच मोरिन्यो हे इंग्लिश कोच बॉबी रॉबसन यांचे दुभाषी म्हणून पुढे आले. युलियान नागल्समान यांचं खेळणं गुडघ्यामुळे विशीतच संपलं आणि 2016 मध्ये, 28 व्या वर्षी, ते जर्मनीतल्या हॉफनहाइम क्लबचे मुख्य कोच झाले. संघातले काही खेळाडू त्यांच्याहून वयाने मोठे होते. उलट गॅरी नेव्हिल यांच्यासारखा, मँचेस्टर युनायटेडमध्ये सगळं जिंकलेला खेळाडू, मुख्य कोचपदाचा अनुभव नसताना डिसेंबर 2015 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबचा कोच झाला आणि मार्चअखेर पदावरून दूर झाला. झिदानही मोठेच, पण 2006 मध्ये निवृत्त झाल्यावर ते लगेच मुख्य कोच झाले नाहीत. आधी रियल माद्रिदमध्ये मुख्य कोच अँचेलॉटींचे सहायक, मग तिथल्याच दुसऱ्या संघाचे कोच, आणि जानेवारी 2016 मध्ये मुख्य संघ. अशा उदाहरणांवरून नियम काढू नये, हे मी त्याला सांगितलं. ग्वार्डिओला मुख्य कोच होण्याआधी एकच हंगाम बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघाबरोबर होते आणि त्यांचं काही अडलं नाही. मला एवढंच दाखवायचं होतं की खेळाडू म्हणून तुम्ही कोणत्या पायरीवर होता यावरून कोच म्हणून काय व्हाल ते ठरत नाही, ना त्या बाजूने ना या.

अडचण खरी होती ती वेगळीच. त्याला येत होतं, पण सांगता येत नव्हतं. मी फुटबॉलमधली नवखी, म्हणून म्हटलं, पास कधी द्यायचा हे तुम्हाला कसं कळतं, मला समजावा. त्याने टेबलावरची पेनं, स्टेपलर, पाण्याचा ग्लास मांडून बघितलं, ते हलवलं, पुन्हा मांडलं. मग वैतागून म्हणाला, "ते दिसतं हो! दिसतंच!" मैदानावर तो मुलांनाही हेच ओरडून सांगत होता: दिसत नाही का तुला? वर्षानुवर्षं केलेली गोष्ट हातापायांत इतकी मुरते की ती करताना आपण नेमकं काय करतो ते आपल्यालाच सांगता येत नाही.

पुढच्या भेटीपर्यंतचं काम ठरलं ते असं: स्वतःच्या जुन्या सामन्याचं रेकॉर्डिंग आवाज बंद करून बघायचं, आणि चेंडू पायाशी नसताना आपण काय करतो तेवढंच लिहायचं. तो आला तो वहीत मानेच्या हालचाली मोजून. चेंडू येण्याआधी तो डाव्या-उजव्या खांद्यावरून मागे नजर टाकून घ्यायचा, कधी दोनदा, कधी तीनदा. आयुष्यभर हे करत होता आणि त्याला माहीत नव्हतं! नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गेर यॉर्डेट यांनी अव्वल मिडफिल्डरांचा नेमका हाच अभ्यास केला आहे: चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतात त्यांचे पास जास्त वेळा अचूक जातात. मी हे सांगितल्यावर त्याने मान डोलावली, पण त्याला आनंद झाला होता तो स्वतः शोधल्याचा. मुलांना "दिसत नाही का?" ऐवजी "चेंडू यायच्या आधी मागे बघ" सांगता यायला लागलं. सरावात तो मागे उभा राहून बोटं वर करायचा आणि पास घेणाऱ्याने किती बोटं ते ओरडून सांगायचं. मुलांना तो खेळ आवडला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. बाहेर उभं राहणं त्याला जड जायचं. म्हणून खेळण्याची भूक वेगळी भागवायचं ठरलं: आठवड्यातून एकदा माजी खेळाडूंच्या संघातून, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून. तिथे कितीही वेळा चेंडू मागावा. मुलांच्या सरावात फक्त शिट्टी. झोप सुधारायला मात्र यापेक्षा जास्त लागलं. काही काळ मानसोपचारतज्ज्ञांचं औषधही घ्यावं लागलं. दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर कोचिंगचा कोर्स थांबू शकतो, डॉक्टरांकडे जाणं थांबू नये.

कोचिंगच्या लायसन्सचं म्हणाल, तर वाट पायऱ्यापायऱ्यांचीच आहे. युरोपची फुटबॉल संघटना युएफा असो की आशियाची एएफसी, लायसन्सचा क्रम सी, बी, ए आणि शेवटी प्रो असा असतो. काही ठिकाणी माजी व्यावसायिक खेळाडूंना थोडी सवलत मिळते. मिळत असली तरी खालचे वर्ग टाळू नयेत असं मी सुचवते. मुलांबरोबर चुका करणं मोठ्यांच्या संघाबरोबर चुका करण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्याने सी पूर्ण केलं, बी चालू आहे.

मध्यंतरी त्याला एका मोठ्यांच्या संघाकडून सहायक कोच म्हणून विचारणा झाली. पगार चांगला होता. त्याने एक हंगाम थांबायचं ठरवलं, कारण त्याची अंडर-15 ची पोरं आता अंडर-17 मध्ये गेली आहेत आणि त्यांच्याबरोबर तोही. बायकोला हे पटलेलं नाही. घरखर्च तिच्या पगारावर चालतोय, तेव्हा तिचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत.