गाठ आधीची असेलही, पण ती तुम्हाला ठाऊक होती का?

प्रश्न : मी मुलुंडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. जून २०२२ मध्ये आरोग्य विमा घेतला. गेल्या वर्षी डाव्या कानात नाडीच्या ठोक्यासारखी धडधड ऐकू येऊ लागली. सीटी आणि एमआरआय केल्यावर ग्लोमस जुगुलारे ही कॅन्सर नसलेली गाठ निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँजिओग्राफी आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. कंपनीने क्लेम नाकारला. म्हणते, ही गाठ फार सावकाश वाढते, म्हणजे पॉलिसीच्या आधीचीच. शिवाय २०२१ मध्ये ‘कानात आवाज येतो’ म्हणून मी डॉक्टरांकडे गेले होते, ते लपवलं. तेव्हा त्यांनी फक्त मळ काढून दिला होता! अँजिओग्राफी ‘निव्वळ तपासणी’ म्हणून वेगळी नाकारली आहे. मी खोटं बोलले नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. आजारातून उठलेल्या माणसावर लबाडीचा ठपका ठेवणं सोपं असतं, पण इथे तो टिकेल असं मला वाटत नाही.

गाठ सावकाश वाढते, हे कंपनीचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. त्यावर वाद घालू नका. पण विमा नियमांत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे शरीरात कुठेतरी असलेला आजार नव्हे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला, तो आजार. तुमचं निदान स्कॅनने झालं, आणि स्कॅनची तारीख पॉलिसीनंतरची आहे. या गाठीत रक्तवाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं की रक्तस्रावाच्या भीतीने ऑपरेशनआधी सहसा तुकडा काढून तपासत नाहीत. सीटीत कानाजवळच्या, कवटीच्या तळाच्या हाडाची झीज दिसते, काँट्रास्ट एमआरआयमध्ये मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात, आणि त्यावरूनच डॉक्टर निदान करतात. म्हणून ते दोन रिपोर्ट तारखांसकट तुमच्या केसचा कणा आहेत.

कच्चा दुवा २०२१ चा आहे, तो मी झाकणार नाही. ‘सल्ला घेतला’ या शब्दांवर कंपनी बोट ठेवणार. त्या डॉक्टरांचा केसपेपर मिळवा. ‘मळ काढला, पडदा व्यवस्थित’ असं त्यात लिहिलं असेल, तर तो सल्ला मळासाठी होता, गाठीसाठी नव्हे, हे कागदच सांगेल. मग विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा आणि त्यात नेमकं काय विचारलं होतं ते वाचा. मनमोहन नंदा खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कोणती माहिती महत्त्वाची, हे फॉर्ममधल्या प्रश्नांवरूनही ठरतं. जे ठाऊकच नव्हतं ते लपवता येत नाही, आणि लपवल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

डिस्चार्ज कार्डही नीट वाचा. घाईत असलेला निवासी डॉक्टर ‘चार वर्षांपासून त्रास’ असं लिहून जातो आणि कंपनी नेमकी तीच ओळ उचलते. तुम्ही तसं सांगितलं नसेल, तर सर्जनकडून लेखी खुलासा घ्या. मूळ कागदावर खाडाखोड मात्र अजिबात होऊ देऊ नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची : कानाचे साधे विकार आणि साध्या गाठी यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही. ती तुमच्या बाबतीत जून २०२४ मध्येच संपली असावी. पॉलिसीत एकदा पाहून घ्या.

अँजिओग्राफीचं म्हणाल, तर निव्वळ तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च मिळत नाही, हे कलम खरं आहे. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बहुधा गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बंद करण्यासाठीच ती केली असावी. याला एम्बोलायझेशन म्हणतात आणि तो उपचार आहे. बिलावर मात्र नुसतं ‘अँजिओग्राफी’ छापून येतं. ज्यांनी ती केली त्या रेडिओलॉजिस्टकडून प्रोसिजर नोट घ्या. धमन्या बंद केल्याचं त्यात असेल, तर ही कपात टिकणं अवघड आहे.

आता वाट. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच ठेवा. महिन्याभरात उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर ठाण्याच्या विमा लोकपालाकडे जा, मुलुंड त्यांच्याच हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग आहे, त्याची मुदत दोन वर्षांची. पण क्रम उलटा करू नका : आयोगात तक्रार चालू असताना लोकपाल तुमचं प्रकरण घेत नाहीत.