जोडीदार शोधणाऱ्यांचा पहिलाच मेळावा घेताय? एवढं बघा

पहिल्या वेळी बारा-पंधरा जणांच्या वर जाऊ नका. स्त्री-पुरुष साधारण सारखे असू द्या, आणि दोन-तीन जण ऐनवेळी टांग देणार हे धरूनच चाला.

नवे आयोजक हमखास चुकतात ते इथे:

- सगळ्यांना गोलात बसवून ओळखपरेड. मुलाखतच वाटते ती! त्यापेक्षा चौघाचौघांना एखादा खेळ द्या, वीस मिनिटांनी गट बदला.
- मोठ्या आवाजातली गाणी.
- परस्पर नंबर देणं. दोघांचाही होकार आला तरच द्या.

सुरुवातीचा अर्धा तास तुम्ही दारापाशीच थांबा. एकटा आलेला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालायच्या आत त्याला कुणाच्या तरी गप्पांत नेऊन सोडा. जोड्या जुळवायच्या भानगडीत मात्र पडू नका. स्पीड डेटिंगचं (दर काही मिनिटांनी समोरचा माणूस बदलत गप्पा मारायच्या) वेळापत्रक वगैरे दोन-तीन मेळावे झाल्यावर बघू.