मास्तरांना विचारा : यजमानांचा वेस्टकोट मला होईल का?

प्रश्न : मास्तर, मे महिन्यात दिराचं लग्न आहे, इथेच सोलापुरात. यजमानांनी थ्री-पीस शिवलाय. त्यांचा वेस्टकोट मला लांब कुर्त्यावर घालायचाय. बाजूने आत घेतला तर बसेल? की सोलापुरी चादरीचा वेगळा शिवू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, त्यांचा त्यांनाच राहू द्या. पुरुषाचा वेस्टकोट छातीवर सपाट कापलेला असतो. तुम्ही घातलात की मुंढा, म्हणजे खांद्या-काखेचा घेर, तोंड वासतो. बाजूच्या शिलाया कितीही आत घ्या, ते झाकत नाही. तुमच्यासाठी मुंढ्यापासून कमरेपर्यंत प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून उतरणारी वळणदार उभी शिलाई, घ्यायला सांगा. आणि कुर्त्याला शोभेल असा लांब शिवलात, नि लांबीबद्दल कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांगा, की 1666 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारात वेस्टकोट आणला तेव्हा तो गुडघ्याकडे जाईल इतका लांब होता. कमरेपर्यंत तो पुढे आखडला.

आता यजमानांचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. वेस्टकोटाची पाठ अस्तराच्या कापडाची असते, कारण वर कोट येतो. पण ते अस्तर पॉलिस्टरचं असलं तर अक्षता पडायच्या आत पाठ भिजते. सुती अस्तर लावून घ्या. जेवणाच्या पंगतीत कोट काढणार असतील (काढतीलच!) तर पाठही पुढच्याच कापडाची हवी. पँट कमरेवर बसणारी असू द्या. हल्लीच्या खाली उतरलेल्या पँटवर मध्ये शर्टाची पट्टी दिसते, ते मला बघवत नाही. पट्ट्याचं बक्कल पोटावर फुगतं, त्यापेक्षा गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणारे पट्टे, लावा. सिंगल ब्रेस्ट, म्हणजे बटणांची एकच रांग, असेल तर शेवटचं बटण उघडं ठेवायचं. इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाच्या पोटामुळे ही रीत पडली असं सांगतात. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण कटिंग त्याच हिशेबाने होतं.

चादरीचा जरूर शिवा, पण मे महिन्यात नको. जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला शोभेल. चादर जाड, म्हणून कॉलर नको, काज-बटणंही नकोत. पुढून मोकळा ठेवून कडेला पायपिंग करा. डावी-उजवी नक्षी एका रेषेत यायला हवी, त्यामुळे कापड वाया जाणार हे धरून चाला. चादर मात्र आधी धुऊन, वाळवून मगच शिंप्याकडे न्या. सुती आहे, आकसते.