पेस्ट सोडून घरगुती वस्तूंनी दात घासायचे आहेत. कोणी करून पाहिलंय का?

पेस्टच्या फेसानं तुमचं वारंवार तोंड येतं, म्हणून कोळसा, राख, दातवण, संत्र्याची साल यातलं काय धरावं असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचा. यातलं बरंचसं मी स्वतः केलंय आणि त्यातली एक चूक दातांवर कायमची राहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती चूकच सांगतो. 2 वर्षं मी घरी केलेलं काळं मंजन वापरलं. गोवरीची राख, लाकडी कोळसा, सैंधव, तुरटी आणि लवंग खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून. पंधरा दिवसांत दात पांढरे दिसायला लागले आणि मी आनंदानं नातेवाईकांनाही डब्या भरून दिल्या. राखेतले आणि कोळशातले बारीक कण चहाचे डाग खरवडतात, पण सोबत दातही खरवडतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. पण हिरडीजवळ ते पातळ होत जातं आणि मुळावर नसतंच, त्यामुळे हिरडी जरा सरकली की आतला मऊ भाग झिजायला लागतो. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा दातांना झोंबू लागलं. मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो, तर डॉक्टरांनी हातात आरसा देऊन हिरडीलगतच्या आडव्या खाचा दाखवल्या. एनॅमल पुन्हा वाढत नाही. खाचा भरून घेतल्या, आणि ज्यांना डब्या दिल्या होत्या त्या प्रत्येकाला फोन करून त्या फेकायला लावल्या. तेव्हा राख आणि कोळसा भांड्यांसाठी ठेवा.

दातवणाबद्दल मात्र मनापासून सांगतो, जरूर करा. मी आजही सकाळी बाभळीची काडी वापरतो. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, ओली कोवळी काडी घ्यायची. साल थोडी सोलून टोक चावत राहायचं, दोन-तीन मिनिटांत त्याचा कुंचा होतो. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवायचा. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. आडवं रेटायचं नाही. काटोलची आमची आजी पाठीशी उभी राहून म्हणायची, "हळू बाप्पा, हिरडी सोलून काढशीन का?" पुढे कळलं की चरकसंहितेतही दातवण दोन वेळा, आणि हिरड्यांना इजा न करता, असंच सांगितलंय. त्याच ठिकाणी दातवणाच्या झाडांत कण्हेर आणि रुईही आहे. ही दोन्ही विषारी, वैद्याच्या सांगण्याशिवाय त्यांना हात लावू नका. बाभूळ, कडुनिंब, करंज एवढं आपल्याला पुरे. काडी कपाशीच्या धुऱ्यावरची (बांधावरची) घेऊ नका, तिच्यावर फवारणीचं औषध उडालेलं असतं. झाल्यावर वापरलेलं टोक कापून टाकायचं आणि उरलेली काडी मधोमध चिरून जीभ साफ करायची. काडीची अडचण एकच: दाढांच्या आतल्या बाजूला ती नीट पोहोचत नाही. तिथं मी मऊ ब्रशच वापरतो.

संत्र्याच्या सालीनं दात चमकतात असं मोबाईलवर खूप फिरतं. आजीच्या अंगणात संत्र्याची झाडं होती, पण दातांना साल लावताना मी तिला कधी पाहिलं नाही. उलट संत्री खाल्ली की ती चूळ भरायला लावायची, आणि ते अगदी बरोबर होतं. लिंबू-संत्र्याच्या आम्लानं एनॅमल थोडा वेळ मऊ पडतं आणि लगेच घासलं तर तो थर निघून जातो. साध्या पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या, मग घासा.

खाण्याचा सोडा त्या मानानं मऊ असतो. ओल्या ब्रशवर चिमूटभर, आठवड्यातून दोनदा चालेल. तिळाच्या तेलाच्या चुळा आणि त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्यांनी तोंड मोकळं वाटतं, पण त्या घासण्याऐवजी नाहीत.

बाजारातून सुटं गावठी मंजन आणणार असाल तर थांबा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि छत्तीसगडच्या बाजूनं येणाऱ्या गुडाखूतही तंबाखूच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, तरी घराघरांत मशेरी अजून भाजली जाते. तिनं दात स्वच्छ होत नाहीत, सवय लागते, आणि पुढे तोंडाच्या कॅन्सरची भीती.

आता पेस्ट पूर्ण सोडावी का? माझं म्हणणं, सोडू नका. गोड-पिठूळ खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दातातली खनिजं निघून जातात. लाळ ती परत भरते, आणि फ्लोराइडमुळे ती भर पक्की बसते. काडीत, सोड्यात, तेलात हे नाही. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून पेस्टची खरी गरज रात्रीच आहे.

फ्लोराइडला आपल्याकडे लोक घाबरतात ते उगाच नाही. माझ्या सासरवाडीला, यवतमाळ जिल्ह्यात, बोअरच्या पाण्यानं पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडलेले मी पाहिले आहेत. पण ते पाण्यातल्या फ्लोराइडचे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी, कायमचे दात घडत असताना, वर्षानुवर्षं पोटात गेलं की हे होतं. नागपुरात नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं, तिथं तो प्रश्न नाही. मोठ्या माणसानं वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकली तर असे डाग पडत नाहीत. 3 वर्षांखालच्या मुलांना मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच द्या, ती गिळतात. घरी बोअरचं पाणी पीत असाल तर आधी ते तपासून घ्या.

आणि तुमचं तोंड येण्याचं. फेस होतो तो सोडियम लॉरिल सल्फेटमुळे, आणि काहींना त्यानंच तोंड येतं. नळीमागची यादी वाचा आणि ते नसलेली, पण साधारण 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. फेस जवळजवळ होणार नाही, पहिल्यांदा घासल्यासारखं वाटणारही नाही. महिनाभर सकाळी काडी आणि रात्री ही पेस्ट करून पाहा. तरीही तोंड येत राहिलं, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरचे उपाय बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरांकडे जा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल तर दोन आठवडेही थांबू नका.